पाठीवरचं गवत

अकरा सामने, दोन विजय.
एरी सरोवराच्या काठावरचं आमचं गाव
सोमवारी तोंड पाडून कामाला जातं
आणि जो तो आपापलं कारण सांगतो.

न्हावी म्हणतो, प्रशिक्षक म्हातारा झाला.
माझी मेहुणी रोझाल्बा म्हणते,
मालकाला काचेचे कक्ष बांधायचे होते,
टीम बांधायची राहून गेली.
फादर स्टानेक काही म्हणत नाहीत,
फक्त रविवारची प्रार्थना
सामना सुरू व्हायच्या आत आवरती घेत नाहीत हल्ली.
रेडिओवरचा माणूस तर कुणालाच सोडत नाही,
वारा, पंच, चेंडूतली हवा.

मला कुणी विचारत नाही.
मी एल्डन क्रुपा. स्टेडियमच्या पोटात, तळघरात,
एकतीस वर्षं या टीमचे कपडे धुतो.
रक्ताला गार पाणी, गवताला व्हिनेगर.
चिखल आधी वाळू द्यायचा, मग झटकायचा,
घाई केली की तो आत शिरतो.
अंगण वाकडं म्हणणाऱ्यांतला मी नाही.
अंगण रोज बघतो. सरळ आहे.

जिंकणाऱ्या टीमचं गवत पुढून येतं,
गुडघ्यांवर, कोपरांवर, छातीवर,
झेपावताना पडलेल्या माणसाचं गवत.
यंदा क्वार्टरबॅकची जर्सी उलटून बघा.
सात नंबर, टेविन हॅडली, बावीस वर्षांचं पोर:
छाती कोरी करकरीत
आणि पाठीवर अख्खं कुरण.
चेंडू हातातून सुटायच्या आत
आडवा करतात त्याला.

मग मी त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या पाचांच्या जर्सी
दिव्याखाली धरल्या.
पूर्वी त्यांच्या पांढऱ्या बाह्यांवर
एकमेकांच्या हेल्मेटचे विटकरी ओरखडे असायचे,
ते घासता घासता माझी नखं जायची.
आता बाह्या स्वच्छ.
म्हणजे दोघांच्या मधून
एक माणूस सहज आत येतो.

मार्चमध्ये लामोंट ब्रिजफर्थला काढलं.
मधला गडी, चौतीस वर्षांचा, गुडघे गेलेले,
पगार मोठा, कुठल्याच आकडेवारीत नाव नाही.
त्याचं काम म्हणजे ओरडणं:
"जवळ ये. अजून. तुझा श्वास ऐकू येऊ दे मला."
आणि सामना संपला की
जमिनीवर भिरकावलेले पाचांचे मोजे
तो स्वतः गोळा करून खाली आणायचा,
लंगडत, दोन जिने.
आता मोजे मी वेचतो.
पाच कोपऱ्यांतून.

एवढंच आहे कारण.
पण मोज्यांवरून टीम ओळखणाऱ्याला
रेडिओवर कोण बोलावतं?

एका रात्री टेविन खाली आला.
ड्रायरला पाठ लावून बसला, उबेला.
बऱ्याच वेळाने म्हणाला, "निघतो का हा डाग?"
"निघतो की."
"पूर्ण?"
मी मशीन सुरू केलं.
त्या आवाजात उत्तर द्यावं लागलं नाही.

काल बर्फात खेळले.
हरले, तीन गुणांनी.
बर्फाचा डाग पडत नाही.
टोपल्या भरून नुसते ओले कपडे आले,
वाचायला काहीच नाही,
छापायचं राहून गेलेल्या वर्तमानपत्रासारखे.
फक्त चौसष्ट नंबरच्या डाव्या बाहीवर
आपल्याच हेल्मेटचा ओरखडा,
विटकरी, बोटभर.

ती जर्सी अजून धुवायला टाकलेली नाही.
खुंटीला लावलीय.
चिखल नाही तिच्यावर,
तरी म्हटलं, वाळू दे.